विहिरीकडचा एकर

दादासो सरगराच्या घराण्यात छापील कागदावर नाव आलेली माया पहिलीच. तिचा आजा अंगठा उठवायचा. बाप सही करायचा, पण करताना जीभ दातांत धरायचा आणि झाल्यावर कपाळ पुसायचा. म्हणून सांगलीच्या विश्रामबागेतल्या कंपनीनं रंगीत पत्रक काढलं आणि तळाशी ‘माया दादासो सरगर, एम.एस्सी., प्रयोगशाळा प्रमुख’ असं छापून वर तिची वळणदार सही उमटवली, तेव्हा दादासोनं चार पत्रकं मागून घेतली. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली. मेंढरांमागं फिरताना ज्याच्या बांधावर टेकेल त्याच्यापुढं तो पिशवी उलगडायचा.

“ही सही दिसतीया न्हवं? आमच्या मायाची हाय.”

पत्रकात काय लिहिलंय हे त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. लेकीनं लिहिलंय म्हणजे खरंच असणार, यापलीकडं त्याला काही जाणून घ्यायचं नव्हतं.

सरगर आटपाडीकडचे. दोन एकर मुरमाड रान आणि दीडशे मेंढरं, एवढाच पसारा. दिवाळी झाली की दादासो आणि त्याची बायको हरणाबाई घोड्यावर बिऱ्हाड लादून पश्चिमेला निघायची, ती कराडजवळच्या कृष्णाकाठापर्यंत. तिकडं सोयाबीन निघून रानं मोकळी झालेली असायची. ज्याच्या रानात मेंढरं बसवायची, त्याच्या रानाला लेंड्यांचं आणि मुताचं खत मिळायचं, आणि दादासोला धान्य आणि वर थोडी रोकड. वाघूर, म्हणजे ते जाळीचं कुंपण, रोज दहा हात पुढं सरकवायचं. सगळं रान खतावून झालं की पुढच्या माणसाच्या रानात जायचं. वीस वर्षं हे असंच चाललेलं.

आणि वीस वर्षं पहिला मुक्काम ठरलेला, सुभेदार नाथाजींच्या रानात. नाथाजी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून आलेला ताठ कण्याचा माणूस. ऊस बारा एकर. बोलेल ते करेल अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती. मायाला शाळेत हुशार बघून त्यांनीच दादासोला दम भरला होता, “पोरगी मेंढरांमागं नेलीस तर माझ्या रानात पाय ठेवू नको. शिकव तिला. ऑर्डर हाय माझी.” कॉलेजच्या वसतिगृहात तिची सोय त्यांनीच लावली. ती शिकून बाहेर पडली तेव्हा पुतण्या ऋषिराजला फोनही त्यांनीच केला.

ऋषिराजनं तेव्हा नुकताच कारखाना टाकला होता. विश्रामबागेत ऑफिस आणि प्रयोगशाळा, आणि गावाबाहेर पत्र्याचं गोडाऊन. माल एकच, ‘कोटीजीव’ नावाची हिरवी बाटली. एका थेंबात कोटी जिवाणू. हवेतला नत्र ओढून मुळांना देणार, मातीत अडकलेलं स्फुरद मोकळं करणार, उसाला फुटवे वाढवणार, द्राक्षाला मणी फुगवणार, हळदीला, सोयाबीनला, सगळ्याला चालणार.

मायाचा जिवाणूंवर विश्वास होता, आणि तो आंधळा नव्हता. हरभऱ्याचं झाड उपटून मुळावरच्या गाठी कापल्या की आतून गुलाबी रंग येतो, तो तिनं कॉलेजात पहिल्यांदा बघितला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला होता. जन्मभर ज्या मातीत ती लोळली त्या मातीत एवढा संसार चाललाय हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. नोकरी लागली तेव्हा आपण बापाच्याच धंद्यात आलोय, फक्त आपली मेंढरं डोळ्यांना दिसत नाहीत, असं ती मैत्रिणींना हसत सांगायची.

कामाला लागून वर्ष होतंय तोवर ऋषिराजनं तिला बोलावून घेतलं. “माया, आता आपल्याला पुरावा पाहिजे. दुकानदार विचारतात. काकांच्या रानात दोन एकर धरू. एकात कोटीजीव, एकात काही नाही. बाकी सगळं सारखं. रिपोर्ट तुझ्या सहीचा.”

“सर, आधी दोन्ही एकरांतली माती तपासून घेते.”

“गेल्या वर्षीचा तपास आहे ना काकांकडं. तोच लाव. लागण चार दिवसांवर आलीय.”

तिनं तोच लावला. जानेवारीत ती रानात गेली तेव्हा नांगरट होऊन सऱ्या पडलेल्या होत्या. रानं शेजारी शेजारी होती, एक विहिरीकडचं, एक ओढ्याकडचं. विहिरीकडच्या एकराला बाटली द्यायची असं आधीच ठरलेलं होतं. मोटारीची पत्र्याची खोली तिथं जवळ होती आणि औषध सोडायला सोपं पडत होतं. मायानं बेणं मोजलं, पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवल्या, फुटवे मोजले. वर्षभर ती दर पंधरवड्याला एसटीनं यायची, गुडघाभर चिखलात उभी राहून उसाचं एकेक बेट मोजायची. पुढच्या जानेवारीत ऊस तुटला. विहिरीकडं एकावन्न टन, ओढ्याकडं त्रेचाळीस.

आठ टनांचा फरक! मायानं काट्यावरची पावती दोनदा बघितली. रात्रभर तिला आनंदानं झोप लागली नाही. सुभेदार उसाच्या फडात उभे, हातात त्यांच्याहून उंच कांडं, मागं मोटारीची खोली, असा फोटो पत्रकावर आला. खाली मायाची सही.

त्या मार्चमध्ये दादासोचं बिऱ्हाड मिरजेच्या अलीकडं होतं. माया सुट्टीच्या दिवशी भेटायला गेली. तिचा आण्णा, म्हणजे दादासो, मेंढरं घेऊन लांब गेलेला. हरणाबाई चुलीपुढं बसली होती. पत्रक तिनं आतापर्यंत गुंडाळलेलंच बघितलं होतं. आता मायानं ते उघडून तिच्या हातात दिलं.

हरणाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून तिनं फोटो बघितला. बराच वेळ बघितला.

“ही तर हिरीकडची पट्टी,” ती म्हणाली. “मोटारीची खोली दिसतीया की. हितंच आपली मुंडी मेंढी व्याली न्हाई का, जुळी झाली ती?”

“कवा गं?”

“तुमी ऊस लावायच्या आदल्या म्हैन्यात. आठ दिस बसवली हुती मेंढरं हितं. वड्याकडचं रान वलं हुतं, चिखलात खूर सडत्यात म्हणून तिकडं न्हाई नेली. सुभेदारच म्हणलं, ऱ्हाऊ दे हितंच आठ दिस.”

मायानं पत्रक परत आपल्याकडं ओढून घेतलं.

“आये, नीट आठव. येकाच रानात? आठ दिस?”

“मुंडीची जुळी इसरंन व्हय मी?”

दीडशे मेंढरं, आठ दिवस, एक एकर. पुढचं गणित करायला मायाला कागद लागला नाही. नांगरटीत सगळं गाडलं गेलं होतं, ती गेली तेव्हा वर एक लेंडी दिसत नव्हती. माती तपासली असती तर कळलं असतं. बापाला एक फोन केला असता तरी कळलं असतं. वर्षभर पानं मोजली, कांडी मोजली, आणि आपल्या घरच्याच मेंढरांची लेंडी कोटीजीव म्हणून मापून बसली.

“का गं? काय झालं?” हरणाबाईनं विचारलं.

“काय न्हाई.” पत्रकाची घडी करत ती म्हणाली, “आये, हे कुणाला बोलू नकोस. आण्णाला बी न्हाई. मी बघते काय करायचं ते.”

हरणाबाईनं मान हलवली. लेक शिकलेली होती.

सांगलीला परतल्यावर मायानं आणखी एक काम केलं, जे खरं तर तिनं आधीच करायला हवं होतं. ती कारखान्यातून निघतानाच्या बाटल्या तपासायची. त्यांत जिवाणू भरपूर असायचे, कोटी नसले तरी भरपूर. या वेळी तिनं दुकानातनं बाटल्या विकत आणल्या. पत्र्याच्या गोडाऊनमध्ये महिना काढलेल्या, मग दुकानदाराच्या उन्हात तापलेल्या फळीवर पडलेल्या. काचेच्या ताटल्यांवर तिनं त्या पसरल्या आणि तीन दिवसांनी मोजायला बसली. मोजायला फारसं काही नव्हतं. बारा बाटल्यांपैकी नऊ जवळजवळ मेलेल्या होत्या.

ती दोन्ही गोष्टी घेऊन ऋषिराजकडं गेली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. तो आरडाओरडा करणारा माणूस नव्हता.

“ऊस वाढला की नाही?” त्यानं विचारलं.

“वाढला सर. पण मेंढ्यांनी.”

“थोडा मेंढ्यांनी, थोडा आपल्या औषधानं. किती कशानं, सांगता येईल तुला?”

“नाही. तेच तर. म्हणून त्या रिपोर्टला अर्थ नाही.”

“तू एकदम बरोबर आहेस,” ऋषिराज म्हणाला, आणि माया गोंधळली. “आपण पुन्हा प्रयोग करू. तू म्हणशील तसा. पावसाळ्यात सोयाबीनवर कर. गोडाऊनला पण पंखे बसवू. पण तोवर पत्रक मागं घेतलं तर काकांची काय शोभा होईल, विचार कर. त्या माणसानं तुझ्यासाठी काय काय केलंय.”

माया विचार करत बसली, आणि पावसाळ्याची वाट बघत राहिली. पुढं ती स्वतःला सांगायची की मी गप्प बसले नव्हते, मी प्रयोग करत होते. ते खरंही होतं. मिरजेजवळच्या एका रानात तिनं आठ पट्ट्या पाडल्या, चारांना बियाण्याला चोळून ताजा जिवाणू, चार कोऱ्या. चिठ्ठ्या टाकून ठरवलं, कुठल्या पट्टीला काय. प्रत्येक पट्टीची माती तपासली. मेंढरू तर सोडाच, शेजाऱ्याची शेळीसुद्धा तिनं आत येऊ दिली नाही. ऑक्टोबरात मळणी झाली. एका जोडीत जिवाणूची पट्टी दोन किलोनं पुढं, दुसरीत तीन किलोनं मागं, उरलेल्या दोन जोड्या सारख्याच. त्या रानात दहा वर्षं सोयाबीनच होत होतं, मातीत ते जीव आधीच भरून राहिलेले होते. भरल्या घरात चार पाहुणे आले काय आणि गेले काय, तसला प्रकार.

ऋषिराजनं कागद बघून टेबलाच्या खणात टाकले. “यंदा पाऊस जास्त झाला. हे वर्ष धरता येत नाही.”

“सर, सगळ्याच पट्ट्यांवर पाऊस सारखाच पडला.”

“माया, तुझा पगार वाढवायचा म्हणतोय मी,” तो म्हणाला, आणि फोन घेतला.

त्याच दिवाळीनंतर दादासोचं बिऱ्हाड नेहमीप्रमाणं कराडकडं पोचलं. नाथाजी बांधावर आले. चहा पाजला. मग म्हणाले, “दादासो, यंदा मेंढरं ऱ्हाऊ द्या. आता बाटली हाय न्हवं? आन मेंढरांनी तण बी येतंय रानात. तुझ्या पोरीचंच औषध हाय गड्या, तुला वाईट वाटायचं कारण न्हाई.”

दादासोला वाईट वाटलं नाही. उलट मान वर झाली. “लय झ्याक, सुभेदार,” म्हणून तो पुढच्या रानाकडं वळला. पुढचा माणूसही बाटलीवाला झाला होता. त्याच्या पुढचाही. एकाकडं बसल्यावर दादासोनं सवयीनं पिशवी उलगडून पत्रक दाखवलं, तेव्हा तो शेतकरी हसून म्हणाला, “आरं, हेच वाचून तर मेंढरं बंद केली मी. तुझ्याच पोरीनं तुझा धंदा बसवला की रं!”

दादासोही हसला. पण त्या संध्याकाळी त्यानं मायाला फोन लावला, आणि बोलता बोलता मधेच थांबला. “माये, आठ रानं फिरलो. दोनच मिळाली. मेंढरं उपाशी न्हाईत आजून, पर...” त्याला पुढं काही मागायचं नव्हतं. तो फक्त सांगत होता.



जानेवारीत नाथाजींच्या गावात कंपनीनं शेतकरी मेळावा घेतला. ग्रामपंचायतीसमोर मांडव, पाच-सहाशे माणूस, जेवणात मटण-भाकरी. नाथाजींचा सत्कार व्हायचा होता. मायाला बाटली वापरायची पद्धत सांगायला पाच मिनिटं दिली होती. दादासो आणि हरणाबाई लेक व्यासपीठावर बसलेली बघायला मुद्दाम आली होती. दादासोनं नवा पटका बांधला होता, आणि लोकांनी त्याला तिसऱ्या रांगेत खुर्ची दिली होती.

नाथाजींच्या अंगावर शाल चढली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. मग माया उठली. कागद तिच्या हातात होता, पण तिनं तो उघडला नाही.

“पत्रकावर सही माझी आहे,” ती म्हणाली. “ते पत्रक चुकीचं आहे. विहिरीकडच्या एकरात ऊस लावायच्या आधी आठ दिवस मेंढ्या बसल्या होत्या. ओढ्याकडच्या एकरात नव्हत्या. आठ टन कशानं वाढले ते कुणालाच सांगता येणार नाही, मला तर नाहीच. मी पुन्हा प्रयोग केला, सोयाबीनवर. काही फरक पडला नाही. आणि दुकानातल्या बाटल्या तपासल्या, तर निम्म्याहून जास्त बाटल्यांत जीवच राहिलेला नाही. उन्हानं मरतात ते.”

ऋषिराज उठून उभा राहिला, पण त्याला बोलावंच लागलं नाही. मधल्या रांगेतनं लालासाहेब उठला. त्याचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं, आणि दर हंगामाला गाडीभर बाटल्या तो खपवत होता.

“ताई, एक इचारू का? ती मेंढरं कुणाची हुती?”

मायाला प्रश्नाचा रोख कळला, पण उत्तर तर एकच होतं. “माझ्या आण्णांची.”

“हांगं अशी!” लालासाहेबानं हात वर करून लोकांकडं बघितलं. “औंदा मेंढरांना गिऱ्हाईक न्हाई, आन औंदाच ताईला साक्षात्कार झाला. लेक मांडवात, बा वाघरात. आता मेंढरंच बसवा म्हनायचं, न्हवं का?”

हसण्याची लाट उठली. कुणीतरी मागून बें-बें केलं. मायानं एक-दोनदा तोंड उघडलं, पण माईक कुणीतरी बंद केला होता. मग तिनं वळून नाथाजींकडं बघितलं. त्या माणसाच्या शब्दावर तिचा बापापेक्षा जास्त भरवसा होता.

“सुभेदार आबा, तुम्ही सांगा. बसल्या होत्या का नाही? तुम्हीच म्हणालात ना आण्णांना, राहू दे आठ दिवस?”

सगळा मांडव नाथाजींकडं बघायला लागला. त्यांच्या खांद्यावर शाल होती. शेजारी पुतण्या उभा होता. पुढच्या रांगेत त्यांची सून मोबाइलवर चित्रण करत होती. नाथाजींनी नारळ एका हातातनं दुसऱ्या हातात घेतला.

“बसल्या असतील,” ते म्हणाले. “दरसाल कुठंतरी बसत्यातच. मी काय रानारानाचा हिशेब ठेवतोय व्हय?”

तिसऱ्या रांगेत दादासो उठला. त्यानं कुणाकडं बघितलं नाही, लेकीकडंही नाही. पटका नीट केला आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत मांडवाबाहेर निघून गेला. हरणाबाई तोंडाला पदर लावून त्याच्या मागं गेली. जेवणाची ताटं लागायला सुरुवात झाली होती.

नोकरी त्याच दिवशी संपली. पत्रक तसंच राहिलं, फक्त पुढच्या छपाईत सहीच्या जागी दुसऱ्या कुणाचं तरी नाव आलं. खप कमी झाला असेल म्हणावं, तर लालासाहेबानं उन्हाळ्याच्या आधीच दोन गाड्या उतरवल्या.

दादासोनं आटपाडीच्या बाजारात मेंढरं विकली. निम्मी म्हणत होता, पण पहिली चाळीस गेल्यावर त्याच्यात काहीतरी तुटलं आणि त्यानं सगळी विकून टाकली, घोड्यासकट. मग तासगावला एका ओळखीच्या बागायतदाराच्या बेदाणा शेडवर राखणीला राहिला. द्राक्षं जाळ्यांवर पसरायची, वाळली की झाडून खाली घ्यायची, बायका निवडायला बसल्या की पोती उचलून द्यायची. हरणाबाई गावी एकटी.

माया मार्चच्या शेवटी त्याला भेटायला गेली. तीन महिन्यांत तो तिच्याशी फोनवर “हाय, नाय, बरं हाय” यापलीकडं बोलला नव्हता. ती आता विश्रामबागेतल्या एका कॉलेजात तासावर प्रात्यक्षिकं घेत होती. येताना तिनं गावचा हरभरा आणला होता, पिशवीभर.

शेडच्या सावलीत दोघं बसली. द्राक्षांचा आंबूस-गोड वास सगळीकडं भरून राहिलेला. दादासोचे हात चिकट झाले होते, ते तो परत परत धोतराला पुसत होता.

“हे आपल्या रानातलं हाय,” मायानं पिशवी पुढं केली. “दिवाळीनंतर तुमी निघून गेल्यावर म्या सहा पट्ट्या केल्या हुत्या. तिनाला जिवाणू लावला, ताजा, माझ्या हातानं केलेला. तिनाला काय न्हाई. आपल्या रानात हरभरा कवा झालाच न्हवता न्हवं?”

“न्हाई. मटकी नायतर हुलगा.”

“तिथं फरक पडला, आण्णा. जिथं पाच पायल्या, तिथं साडेपाच. गाठी बी चांगल्या आल्या, गुलाबी.”

दादासो हरभऱ्याकडं बघत राहिला. “म्हंजी असतंय म्हण की त्यात काय तरी.”

“असतंय. जितं असलं, सावलीत ठेवलं, आन ज्या रानात ते जीव आधी न्हाईत तिथं टाकलं, तर थोडं होतंय. थोडंच. उसाला मला तरी कुठं दिसलं न्हाई.”

“मग येवढंच लिवायचं हुतं त्या कागदावर.”

“सांगितलं की म्या. सगळ्यांम्होरं सांगितलं.”

“व्हय,” दादासो म्हणाला. “पर कवा?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मायाला बरं वाटलं असतं.

“तुला मार्चात कळलं. म्या दिवाळीनंतर दारोदार तुझा कागद दावत फिरलो. लोकं त्यो वाचून मला वाटंला लावत हुती, आन मी आपला हसतोय. ह्या दादासोगत येडा कोण असंल?” त्यानं हात पुन्हा धोतराला पुसले. “सुभेदार खोटं बोलला, त्याचं मला काय न्हाई. त्याच्या अंगावर शाल हुती. पर तुझ्या आयेनं धा म्हैनं त्वांड शिवलं, मेळावा झाल्यावर उघडलं. तीस वर्सांत तिनं माझ्यापास्नं येक गोष्ट दडवल्याली न्हवती. ती आता माझ्याकडं नजर वर करून बघत न्हाई. गावी घरात दोघं बसलो तर मुक्यागत बसतोय. म्हणून हितं येऊन ऱ्हायलोय मी. राखणीची काय हौस हुती मला?”

मायाला हे ठाऊक नव्हतं. मेंढरं गेली म्हणून तो इथं आलाय, असंच ती धरून चालली होती.

“आण्णा, चुकलं माझं.”

“चुकलं म्हणायला तुझं येकटीचं थोडंच हाय,” तो म्हणाला. “गेल्या आठवड्यात सुभेदाराचा फोन आलता. ऊस तुटल्यावर फुटल्याला खोडवा पिवळा पडलाय म्हणला. मेंढरं घेऊन ये, पर गपचीप ये, येका बाजूला बसव, लोकांना दिसू नगं.”

“मग?”

“मेंढरं इकली म्हणलं. त्यो म्हणला, आरं आरं, आसं कसं केलंस. मग ठेवला फोन.”

शेडमधून मुकादमानं हाक मारली. नवीन माल आला होता, उतरून घ्यायचा होता. दादासो गुडघ्यावर हात टेकून उठला. पिशवी उचलली. माया बघत राहिली. निवडायला बसलेल्या बायकांपुढं जाऊन त्यानं हरभरा एकेकीच्या पदरात मुठी-मुठीनं घातला, शेवटच्या बाईच्या पदरात पिशवी उलटी केली, झटकली, घडी करून परत आणून मायाच्या हातात दिली.

“साडेचारला सांगलीची यस्टी हाय,” तो म्हणाला. “उशीर करू नगंस.”

एकही दाणा त्यानं तोंडात टाकला नव्हता.

माया फाट्यापर्यंत चालत गेली. उन्हं अजून खाली आली नव्हती, आणि एसटी वेळेवर आली.